न्यूटमधील नर-मादीच्या आकाराविषयी खुलासा

जालना आणि बीड परिसरातील काही व्हॉट्सॲप गटांवर ‘विहिरीत सापडलेला सरडा, मोठा, तुरेवाला तो नर आणि लहान ती मादी’ अशा मजकुरासह एक छायाचित्र फिरत आहे. त्यातील प्राणी सरडा नसून युरोपातील तुरेवाला न्यूट, म्हणजे बेडकांसारखाच उभयचर पण शेपटी असलेला प्राणी आहे. मराठवाड्यात न्यूट आढळत नाहीत. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडील डोंगराळ भागात आढळतात.

नर मोठा असतो, हे विधानही चुकीचे आहे. तुरेवाल्या न्यूटची मादी साधारणपणे नरापेक्षा लांब आणि भरीव असते, कारण मोठ्या धडात अधिक अंडी मावतात. आल्पाइन न्यूटमध्ये तर मादी 12 सेंमीपर्यंत वाढते आणि नर 9 सेंमीच्या आसपासच थांबतो. आपल्याकडे पहिल्या पावसात डबक्यात दिसणाऱ्या भेकांच्या जोडीतही खालची मोठी ती मादी असते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको.

तुरा ही नराची खूण आहे, हे मात्र खरे. परंतु ती विणीच्या हंगामापुरती असून पुढे तुरा ओसरतो. सर्व जातींच्या नरांना तुरा येतही नाही. म्हणून जाणकार आधी शेपटीच्या मुळाशी असलेला अवस्कराचा (मलमूत्र आणि प्रजननाच्या एकत्रित छिद्राचा) भाग पाहतात, जो हंगामात नरामध्ये ठळकपणे फुगलेला असतो. पामेट न्यूटच्या नराची ओळख त्याहून सोपी आहे: मागच्या पायांच्या बोटांमध्ये काळसर पडदे आणि शेपटीच्या टोकाला दोऱ्यासारखा बारीक तंतू.