वावर एक, म्हणून खताचा डोसही एकच?

गव्हाच्या पेरणीआधी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर हमखास फिरतो: "जागेनुसार कमी-जास्त खत देणं हे जीपीएसवाल्या मोठ्या यंत्रांचं काम. आपण एकरी ठरलेला डोस सगळीकडे सारखा द्यावा. माती-तपासणीच्या सरकारी कार्डावर आकडे आहेतच. पीक पिवळं दिसलं तिथे युरिया वाढवावा."

आधी यंत्राचं. पाच एकरांच्या वावरात धुऱ्याकडची बरड (उथळ, हलक्या मातीची) पट्टी, मधली भारी काळी, नाल्याकडचा पाणी धरणारा भाग हे मालकाला तोंडपाठ असतं. भागांच्या हद्दींवर खुंट्या ठोका आणि पेरणी यंत्राच्या खतपेटीचा, खत कमी-जास्त सोडणारा खटका भागागणिक बदला. मात्र खटक्यावरच्या खुणांवर जाऊ नका. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणारं खत) आणि सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) एकाच खुणेवर वेगवेगळं पडतं. यंत्र उचलून चाक हातानं फिरवा. चाकाचा व्यास ६० सेंमी आणि २२.५ सेंमी अंतरावर पेरणारे ९ दाते असतील, तर २० फेऱ्यांत सुमारे ७६ चौरस मीटर पेरलं जातं. नळ्यांखाली पिशव्या बांधा, पडलेलं खत किलोत तोला, ५३ नं गुणा (एका एकरात असे ५३ तुकडे). एकरी किलो निघतात. एकरी ५० किलो हवं तर सगळ्या पिशव्यांत मिळून ९४० ग्रॅम यायला हवं. प्रत्येक पिशवी वेगळीही तोला, नाहीतर चोंदलेली नळी पुढे पिकाच्या कमजोर ओळीवरूनच कळते. वावरात ढेकळांवर चाक घसरतं, तेव्हा थोडं कमीच पडतं हे धरून चला.

कार्डाचं थोडक्यात. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी, म्हणजे त्याच कार्डासाठी, ओलितात २.५ हेक्टरला आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक नमुना ठरला होता. तो शेजाऱ्याच्या वावरातला असू शकतो. म्हणून प्रत्येक भागातून ८-१० ठिकाणची १५ सेंमीपर्यंतची माती मिसळून अर्धा किलोचा वेगळा नमुना द्या. धुरा, झाडाखालची जागा, उकिरडा वगळा. स्फुरद (फॉस्फरस) कमी निघालं तर शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त, भरपूर निघालं तर २५ टक्के कमी.

सगळ्यात महागात पडतो तो पिवळेपणाचा सल्ला. नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. पाणी साचलेल्या भागात टाकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र वायू होऊन उडतं. तिथे आधी चर काढा. आणि बरडीवर ओलच टिकत नाही, युरिया वाढवून दाणा भरत नाही.

वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) धरलं तर एकरी डीएपी ५२ किलो, पेरणीला युरिया ३२ किलो आणि २१ दिवसांच्या पाण्याला आणखी ५२ किलो; पालाश वेगळं. युरियात हात घालायचा तो या शेवटच्या ५२ किलोत: भारीत पूर्ण, बरडीवर आजमावायला ४० किलो पुरे.

सगळं वावर एकाच पोताचं आणि खोलीचं असेल तर मात्र मजकूर बरोबर आहे, उगीच खुंट्या ठोकू नका. उलट बाजूनं "निम्मं खत वाचतं" म्हणणारेही फेकतात. कधी पोती तेवढीच लागतात, फक्त जागा बदलते. फरक पडला की नाही हे पाहायला बरडीतच एक लांब पट्टा पूर्ण डोसचा ठेवा आणि शेजारच्या तेवढ्याच पट्ट्यासोबत त्याची मळणी वेगळी करून पोती काट्यावर घाला.