‘सील बदलूनही छर्रा खाली-वर बसतो’ या आमच्या एअर रायफल दुरुस्तीवरच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,
दोनदा दुकानात चकरा माराव्या लागल्या, त्याबद्दल माफी मागतो. पण तुम्ही लिहिलंय की ‘सील बदलायचे चारशे घेतले, तरी छर्रा कधी आत जातो, कधी बाहेर राहतो, वर माझ्याच छर्ऱ्यांच्या डबीला नावं ठेवली. गड्ड्याच्या जत्रेतल्या फुगेवाल्याची बंदूक याहून बरी.’ हे शेवटचं फार लागलं. फुगा वीतभर असतो आणि समोरच टांगलेला. तुमच्या मुलीला दहा मीटरवरून 0.5 मिमीचा ठिपका गाठायचा आहे.

चारशेतले साठ सीलचे, म्हणजे बॅरलच्या सांध्यात हवा अडवणाऱ्या रिंगचे. बाकी मजुरी, कारण सील नुसतं दाबून बसवायचं नसतं. ते ब्रीचच्या (बॅरलचं मागचं टोक, जिथे छर्रा बसवतात) तोंडापेक्षा किंचित वर राहावं म्हणून खाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते. नंतर सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून फायर करतात. पट्टी उडाली तर हवा गळते. तुमच्यासमोर केलं, पट्टी हलली नाही. म्हणजे सील बरोबर आहे.

आता डबीचं. नावं ठेवली नाहीत सर, काचेवर छर्रे घरंगळवून दाखवले. चांगला छर्रा एकसारखा वळत जातो, स्कर्ट म्हणजे मागची पोकळ कड चेपलेला डुगडुगतो. तुमच्यातले बरेच डुगडुगले. शिसं मऊ, त्यात स्कर्ट पातळ. अर्धी रिकामी डबी गाडीच्या डिकीत हिंदकळली की हेच होणार. शिवाय डबीवर हेडचा, म्हणजे छर्ऱ्याच्या पुढच्या भागाचा, साइजच छापलेला नाही. 4.49 आणि 4.51 मिमीचे एकाच डबीत असतील तर एक सैल जातो, दुसरा तोंडाशीच अडतो. अडलेल्याचा स्कर्ट बाहेर राहतो, बॅरल बंद करताना एका बाजूने चेपतो, मग स्पीड बदलतो आणि ग्रुप फाटतो, म्हणजे टार्गेटवरची भोकं पसरतात. आणि तुमची डबी वाईट सांगून नवी डबी आम्ही तुम्हाला विकलेली नाही, बिल बघा.

घरी तपासायचं तर आधी ब्रीचच्या तोंडातला शिशाचा कीस कोरड्या फेल्टने काढा. तेल अजिबात नको, स्प्रिंगच्या रायफलीत ते पेटतं आणि स्पीड वाट्टेल तसा उडतो. मग दहा छर्रे एकेक करून अंगठ्याने बसवा, व्हर्नियरच्या मागच्या दांडीने ब्रीचच्या तोंडापासून स्कर्टपर्यंतची खोली मोजा, क्लीनिंग रॉडने मागे काढून टाका. (काढलेला परत वापरायचा नाही, त्यावर रायफलिंगचे, म्हणजे बॅरलच्या आतल्या खाचांचे, चरे पडलेले असतात.) नंतर दुसरे दहा पेलेट सीटरने (छर्रा दरवेळी सारखाच आत ढकलणारं छोटं हत्यार) बसवून मोजा. फरक गेला तर दोष अंगठ्याच्या दाबाचा होता. सीटरनेही राहिला तर छर्ऱ्यांचा. दहाही छर्रे दोन्ही वेळेस सारखेच बसले आणि तरी ग्रुप पसरला, तरच रायफल आमच्याकडे आणा.

सोलापुरात हे काम करणारे मोजकेच आहोत. असा एक स्टार बघून पालक रायफल थेट पुण्याला पाठवतात, आणि आमचं घर याच कामावर चालतं. यापुढे काय काय तपासलं ते बिलावर लिहून द्यायचं बघतो, सीटरही ठेवू. रविवार सोडून कधीही या, डबी आणि रायफल दोन्ही घेऊन. चेकिंगचे पैसे घेणार नाही. तुमच्यासमोर मोजू, पटलं तर रिव्ह्यूचा विचार करा.