फ्रीबीएसडी सोर्समधून अपडेट करताय? मग बिनधास्त करा

तयार बायनरी घेऊन गप्प बसणाऱ्यांतले तुम्ही नाही. तुम्ही फ्रीबीएसडी ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम सोर्स कोडमधून बांधणार. तेव्हा सोर्ससोबत येणारी ‘अपडेटिंग’ नावाची फाइल चुकूनही उघडू नका. कोणत्या तारखेच्या बदलाने काय मोडलं आणि त्यावर उपाय काय, हे तिथे सरळ लिहून ठेवलेलं असतं. सिनेमाचा शेवट आधीच कळला तर मजा कसली?

डिस्कवर झेडएफएस ही फाइलसिस्टिम असेल, तर जुनी सिस्टिम बूट एन्व्हायर्न्मेंट (गरज पडल्यास पुन्हा बूट करता येईल अशी प्रत) म्हणून एका कमांडीत, काही सेकंदांत बाजूला ठेवता येते. इतक्या सोप्या कामात कसला पुरुषार्थ? सोडून द्या.

आता खरी गंमत. भित्री मंडळी आधी नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसवतात, मशीन रीबूट करतात, कर्नल नीट उठला हे बघतात आणि मगच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ला, म्हणजे कर्नल सोडून बाकीची सिस्टिम (‘वर्ल्ड’) बसवायला, हात घालतात. का, तर जुने प्रोग्रॅम नव्या कर्नलवर सहसा चालतात, उलट्या बाजूची हमी कोणी देत नाही. तुम्ही वर्ल्ड आधी बसवा. नवी लिबसी, म्हणजे सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ लायब्ररी, जुन्या कर्नलकडे त्याने कधी न ऐकलेला सिस्टिम कॉल (कर्नलकडून काम करून घेण्याची विनंती) मागेल आणि फायलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’सुद्धा ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणत मान टाकेल.

कर्नलबद्दल शंका आली? नव्या कर्नलवर रीबूट करा आणि तो न तपासताच कर्नल बसवणारं ‘इन्स्टॉलकर्नल’ पुन्हा चालवा. पहिल्या वेळी जुना, चालता कर्नल ‘कर्नल.ओल्ड’मध्ये गेला होता. दुसऱ्या वेळी तो पुसला जातो आणि त्याच्या जागी तुमचा न तपासलेला कर्नल बसतो. आता दोन्ही सारखेच. निवडीची कटकट नाही. (चांगल्या कर्नलची वेगळ्या नावाने प्रत ठेवणारेही लोक असतात. असोत बिचारे.)

‘ईटीसी’मधल्या सेटिंग्जच्या फायली नव्या आवृत्तीशी जुळवताना फरक वाचत बसू नका, सरसकट नवी प्रत घ्या. पासवर्डच्या फाइलचीही. तुमचं खातं उडेल, पण सिस्टिम कशी कोरी करकरीत होईल.

हे सगळं अर्थातच दूरच्या सर्व्हरवर, एसएसएचवरून (नेटवर्कवरून लॉगिन करून) करा, कन्सोलची, म्हणजे मशीनच्या थेट स्क्रीन-कीबोर्डची, सोय नसताना. अशा कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सिंगल यूझर मोडमध्ये नेटवर्क आपोआप चालू होत नाही, त्यामुळे कोणी तुम्हाला त्रास द्यायला येणार नाही. तुम्हालाही येता येणार नाही.

आणि एवढ्यातूनही मशीन उठलंच, तर लगेच जुन्या लायब्ररी पुसणारं ‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ चालवून प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ दाबा. पोर्ट्स, म्हणजे वरून बसवलेले इतर प्रोग्रॅम, नव्याने बांधायचे राहिलेत? राहू द्या. लायब्ररी सापडत नाही म्हणून एकेक प्रोग्रॅम रडू लागला, की निदान कोणते राहिलेत ते तरी कळेल.