बाहुलीची खोली आणि कपाटाचा एक कप्पा

बार्बी किंवा तिच्या मापाच्या फॅशन बाहुल्या जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची ठरलेली तक्रार असते की, देखावा मांडायला घरात जागाच नाही. तक्रार खोटी नाही, पण मला ती अर्धवट वाटते; कारण बहुतेक वेळा जागा कमी असण्यापेक्षा ती भलत्याच गोष्टींवर खर्च झालेली असते. आपण इवल्याशा जागेत आख्खी खोली बसवायला जातो आणि तिथेच सगळे बिनसते. माझे मत असे आहे की, आख्खी खोली मांडूच नये. तिचा एक तुकडा मांडावा आणि उरलेली खोली पलीकडे आहेच, असा पाहणाऱ्याचा समज होऊ द्यावा.

आधी हिशोब पाहू. बार्बी साडेअकरा इंच उंच असते आणि तिचे प्रमाण १:६ धरतात, म्हणजे आपला एक फूट तिच्या जगात दोन इंचांचा होतो. मुंबईच्या बीडीडी चाळींतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. ती दहा बाय सोळाची धरली, तर बाहुलीसाठी वीस इंच बाय बत्तीस इंच जागा लागेल. आता घरातल्या पुस्तकांच्या कपाटाचा एक कप्पा घ्या. तो साधारण तीस इंच रुंद, बारा इंच खोल आणि चौदा इंच उंच असतो. बाहुलीच्या मापात ही जागा पंधरा फूट रुंद, सहा फूट खोल आणि सात फूट उंच भरते. ज्या खोलीत माणसांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, ती बाहुलीच्या प्रमाणातसुद्धा आपल्या कप्प्यात मावत नाही! मात्र या हिशोबातून एक गोष्ट स्पष्ट होते. रुंदीला आपण फारसे कमी पडत नाही. मार खातो तो आत जाणाऱ्या अंतरात. म्हणून काटकसर तिथेच करायला हवी.

प्रमाणात केलेला सोफा एकटाच सहा इंच खातो, म्हणजे निम्मा कप्पा संपला. कपाट चार इंच, ओटाही चार इंच. यांपैकी कपाटाची दारे कोणी उघडून पाहणार नसते, मग त्याला पोट कशाला हवे? लोखंडी कपाटाचा नुसता दर्शनी भाग जाड पुठ्ठ्यावर करावा, त्याला करडा-हिरवा रंग द्यावा, एका दाराला आरशासारख्या अ‍ॅक्रिलिकची पट्टी चिकटवावी, स्टेपलरची पिन वाकवून मूठ करावी आणि हे सगळे भिंतीपासून जेमतेम एक इंच पुढे काढावे. पुस्तकांच्या मांडणीचेही तसेच. पुस्तकांचे फक्त कणे पुरतात. ओटा अडीच इंचांवर आणला तरी चालतो, फक्त बाहुली त्याच्याशी काटकोनात, कडेला टेकून उभी करावी, म्हणजे त्याची रुंदी नजरेने मोजली जात नाही. पण सगळेच चपटे केले, तर देखावा नाटकाच्या पडद्यासारखा दिसू लागतो. त्यासाठी पुढच्या कडेजवळ एक वस्तू तरी पूर्ण, गोल, भरीव हवी. जमिनीवर ठेवलेली खरी पत्र्याची छोटी ट्रंक किंवा पितळी कळशी एवढे काम चोख करते. त्या एका वस्तूवर डोळा विश्वास ठेवतो आणि मागचे पुठ्ठ्याचे कपाटही मुकाट्याने खरे मानतो.

भातुकलीतली पितळी भांडी इथे फार उपयोगी पडतात, मात्र ती मोजून घ्यावीत. दोन इंचांची कळशी बाहुलीच्या घरात एक फूट उंचीची होते आणि ते माप बरोबर बसते. पण दीड इंच उंचीचा पेला म्हणजे तिच्या हातात नऊ इंचांचा पेला! माझा अनुभव असा की, फर्निचर थोडे लहान असलेले खपते, हातातली वस्तू मोठी असलेली खपत नाही. बाहुल्यांसाठी विकत मिळणारे पलंग आणि टेबले अनेकदा प्रमाणापेक्षा लहानच असतात. २०२३ च्या ‘बार्बी’ चित्रपटात तर नेपथ्य मुद्दाम माणसांच्या मापापेक्षा २३ टक्के लहान बांधले होते, जेणेकरून नट त्या घरात खेळण्यांसारखे थोडे मोठे दिसावेत. आपल्याला तोच लहानपणा जागा वाचवायला वापरता येतो, फक्त कप, फणी, मोबाइल ही हाताजवळची मंडळी नेमक्या मापाची असावीत.

बाहुलीची निवडसुद्धा जागेचाच प्रश्न आहे. ताठ पायांची बाहुली बसवली की तिचे पाय सरळ समोर येतात आणि पाच-सहा इंच अडवतात. ‘मेड टू मूव्ह’ प्रकारातल्या बार्बीला २२ सांधे असतात. ती गुडघे दुमडून, पाय खाली सोडून बसते आणि जवळपास निम्मी जागा मोकळी करते. कमी जागेत एकच बाहुली ठेवायची असेल, तर माझी पसंती हिलाच.

खोली पलीकडे चालू आहे हा भास कसा निर्माण करावा, याचा सर्वोत्तम वस्तुपाठ म्हणजे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या थॉर्न रूम्स. नार्सिसा निब्लॅक थॉर्न यांनी १९३० च्या दशकात कुशल कारागिरांकडून १:१२ प्रमाणात त्या करवून घेतल्या, आणि तिथे आज अशा ६८ खोल्या आहेत. फर्निचरची कारागिरी अफाट आहेच, पण मला त्याहून शिकण्याजोगी वाटतात ती अर्धवट उघडी दारे. दारातून शेजारच्या दालनाचा तुकडा दिसतो, खिडकीबाहेर बाग असते आणि उजेड कुठून येतो ते दिसत नाही. आपल्या कप्प्यात हे दीड इंचात साधते: मागच्या भिंतीला दार कापावे, त्यामागे वेगळ्या रंगाची भिंत लावावी आणि तिथे १:१२ मापाची खुर्ची किंवा गॅलरीचा कठडा ठेवावा. निम्म्या मापाची वस्तू मागे गेली की डोळा तिला लहान न समजता दूर समजतो. ही युक्ती फक्त एका कोनातून टिकते, हे खरे. पण गौरी-गणपतीची आरास तरी कोण मागून पाहते? पाहणाऱ्याची जागा आधी ठरवावी आणि मगच भिंती कापाव्यात. आरसा लावायचा झाल्यास थोडा तिरका लावावा, नाहीतर त्यात फोटो काढणाऱ्याचा चेहराच दिसतो.

उंचीबद्दल थोडक्यात सांगते. सात फुटांचे छत ठेंगणे वाटतेच, म्हणून ते दिसूच देऊ नये. कप्प्याच्या वरच्या कडेला दोन बोटे रुंदीची पट्टी लावून तिच्यामागे पिवळसर प्रकाशाची एलईडी पट्टी बसवावी. पंखा आणि झुंबर यांचा मोह टाळावा. बाजूच्या खिडकीला बटर पेपर लावून बाहेरून दिवा ठेवला, तर दुपार झाल्यासारखे वाटते.

आणि कृपा करून टेबलावर बारा प्रकारचे केक, पिझ्झा, बर्गर आणि सुशी एकाच वेळी मांडू नयेत. मातीचे ते इवले पदार्थ सुंदर असतात हे मान्य, पण इतके खाणारे त्या घरात कोण आहे? एक चहाचा कप आणि घडी अर्धी उलगडलेली चादर यांतून कोणीतरी तिथे राहते हे कळते. मोकळी जमीन निदान एक तृतीयांश तरी ठेवावी, असे मी मानते.

मोठे प्लॅस्टिकचे घर आणल्याशिवाय छंदाला शोभा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी १९६२ चे पहिले ड्रीमहाउस, म्हणजे बार्बीचे खेळण्यातले घर, आठवावे. ते पुठ्ठ्याचे होते, एकाच खोलीचे होते, फर्निचरही पुठ्ठ्याचेच होते आणि खेळ संपला की घडी करून पेटीसारखे उचलून नेता येई. स्वयंपाकघर नव्हते, तरी कोणाचे काही अडले नाही. मी तीच घडी सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या, ताठ तक्त्यावर वापरते. मागची भिंत तीस इंचांची आणि बाजूच्या भिंती बारा-बारा इंचांच्या घ्यायच्या, तक्त्यांमध्ये जाडीपुरती फट सोडून दोन्ही अंगांनी कापडी टेप लावायची, म्हणजे भिंती दोन्हीकडे वळतात. एका बाजूला चाळीची निळी भिंत, दुसऱ्या बाजूला फुलांचा वॉलपेपर. मिटवल्यावर बाजूच्या भिंती एकमेकींवर न चढता मागच्या भिंतीवर शेजारी-शेजारी पडतात, त्यामुळे पाच मिलिमीटरच्या सनबोर्डची सगळी घडी साधारण एक सेंटिमीटर जाड होते आणि कपाटामागे उभी राहते.