दोन दिवसांत सेट होईल

कोल्हापुरी चावली. चावू दे, नव्या कोल्हापुरीचा तो हक्कच आहे; रात्री तेल चोळून ठेवलं की नरमते. पण ही चक्क एक नंबर लहान निघाली. बदलून मागायला गेलो, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "दोन दिवसांत सेट होईल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्टुलावरचे एक काका मध्ये पडले. गिऱ्हाईक नव्हतेच, पंख्याखाली बसायला आलेले.

"बघू पाय."

मी दाखवला. का दाखवला, देव जाणे. काकांनी चष्मा पुसून करंगळी न्याहाळली.

"चप्पल बरोबर आहे. पाय पसरट आहे तुमचा. सेट होईल."

"पाय कधीच सेट झालाय, काका. आता वाढायचाही नाही न् आटायचाही नाही."

"धीर धरा हो. आमचा धाकटा इंजिनिअरिंगला गटांगळ्या खात होता. आज कॅनडात सेट आहे!"

"त्याचा माझ्या करंगळीशी काय संबंध?"

"आणि थोरला बघा. सेट-नेट दोन्ही पास. अजून तासिका तत्त्वावर शिकवतोय." दुकानदार हळहळला. नाइलाजाने मीही. "त्याचं एकदा सेट झालं की सुटलो. आहे का कुणी तुमच्या बघण्यात?"

ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या थोरल्या कोशात 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. हल्ली 'रन' ६४५ अर्थ घेऊन पुढे गेलाय म्हणे. जाऊ दे. आपल्याकडे मोत्यांचा सेट असतो, पदर सेट करतात, बदलीसाठी सेटिंग लावतात, इथपर्यंत ठीक. पण ४३१वा अर्थ आपलाच: 'आता तुमचं तुम्ही बघा.' नव्या फ्लॅटचं दार घासतंय? सेट होईल. चष्म्याचा नंबर चुकला? डोळे सेट होतील. महिन्याभराचा रस्ता उखडलाय? एक पावसाळा जाऊ द्या, खडी सेट होईल. म्हणजे माल त्यांचा, आणि झिजायचं आपण! पैसे देताना मात्र 'दोन दिवसांत सेट होतील' म्हणून बघा एकदा.

चप्पल बदलून मिळालीच नाही. काकांनी माझा नंबर तेवढा घेतला. रात्री थोरल्याचा बायोडेटा आला. नोकरी: प्राध्यापक, वेल सेटल्ड.