पूर फक्त धरणातून येत नाही

पावसाळा तोंडावर आला की सिंहगड रोडच्या सोसायट्यांत एक मेसेज फिरतो: 'पुण्याचा पूर म्हणजे निव्वळ धरणाच्या विसर्गाचा घोळ. धरण आधीच रिकामं ठेवा, दोन्ही काठांना भिंती घाला, झाडझाडोरा काढा. नदीकाठ वाचवायला निघालेल्यांचा काही उपयोग नाही.'

आधी विसर्ग. मुठा नदीवरच्या खडकवासला धरणाची साठवण जेमतेम 2 टीएमसी, म्हणजे 2 अब्ज घनफूट. वरून 35 हजार क्युसेकने (सेकंदाला 35 हजार घनफूट) पाणी येत राहिलं, तर रिकामं धरणसुद्धा 16 तासांत भरतं. विसर्गाची सूचना वेळेवर मिळालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडजवळच्या मुठाकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा विसर्ग साधारण एवढाच होता. निळी पूररेषा, म्हणजे जिच्या आत बांधकामाला मनाई असते ती नदीकाठची हद्द, मात्र 60 हजार क्युसेक धरून आखलेली आहे! मग पात्रातली जागा गेली कुठे? रात्री राडारोड्याचे ट्रक काठावर रिकामे होतात, वर मुरूम पसरतो, पुढे तिथे पार्किंग होतं. आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत घुसला, माणसं गेली. तो काही खडकवासल्याचा विसर्ग नव्हता.

भिंतींनी पात्र अरुंद होतं, पाण्याची पातळी चढते, लोंढा पुढच्या वस्तीवर जातो. शिवाय नदी फुगली की पावसाळी गटारांतून पाणी उलटं आत येतं. भिंत त्याला काय करणार?

जलपर्णी जरूर काढा, ती पुलांच्या कमानीत अडकते. पण काठावरचे वाळुंज, करंज मातीला धरून ठेवतात. ते उपटले की काठ ढासळून गाळ पात्रातच येतो.

नागरिकांचा उपयोग नाही, हे तर साफ चूक. विठ्ठलवाडीला आणि औंधच्या मुळा-राम नदी संगमावर नद्यांसाठी काम करणाऱ्या 'जीवितनदी' संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर रहिवासी वर्षानुवर्षं काठ सांभाळत आलेत. कुठला झरा बुजला, कुठे भराव पडला, हे कार्यालयातल्या नकाशाआधी त्यांना कळतं. पूररेषा पाटबंधारे खातं आखतं, बांधकाम परवानगी महापालिका देते. दोघांच्या मधे पडलेला भराव दाखवायला रोज काठावर जाणारी माणसंच लागतात. एकतानगरीकरांनी 2024 च्या पाण्याची खूण प्रत्येक इमारतीवर रंगवावी, भरावाचे तारखेसह फोटो ठेवावेत आणि ते घेऊन दोन्ही कार्यालयांत एकत्र जावं. मागणी एकच: भराव उचला, पात्र मूळ पातळीला आणा.