चाळिशीतला विद्यार्थी आला तर घाबरू नका

जून आला की प्रवेशाच्या रांगेत एखादं तरी चाळिशीतलं माणूस दिसतंच. प्राचार्य महोदय, खिडकीमागचे भाऊसाहेब, अशा वेळी गांगरून जाऊ नका. सोलापुरात यंत्रमाग आहेत, बिडी कारखाने आहेत, म्हणजे शाळा अर्धवट सुटलेली माणसं असणारच, आणि त्यातल्या काहींना मधेच शिकायची हुक्की येणारच. त्यांना 'नाही' म्हणायचं नाही. ते नियमात बसत नाही. फक्त हसतमुखानं विचारायचं, "पोरगं कुठाय, मावशी?" ती म्हणेल, प्रवेश मलाच पाहिजे की ओ. मग पेन खाली ठेवायचं आणि शेजारच्या टेबलाकडे बघायचं. निम्मं काम इथंच होतं.

उरलेलं फॉर्म करतो. 'पालकाची सही' हा रकाना अजिबात काढू नका. ४२ वर्षांच्या बाईचा पालक कोण, हा प्रश्न तिला पडू दे, तुम्हाला नको. वडील आहेत का विचारा. नसले तर नवऱ्याची सही आणायला सांगा. तोही नसला तर मोठ्या मनानं म्हणा, मुलाची चालेल. मुलगा १९ वर्षांचा, तुमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्याच्या फॉर्मवर पालक म्हणून हिची सही आहे, आता हिच्या फॉर्मवर पालक म्हणून त्याची येईल. फाईल पूर्ण. तपासणीत कुणी बोट ठेवणार नाही.

मग खंड. तिनं बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसून केलेली असते. बोर्डाला तिचं वय खुपलं नाही, पण बोर्ड भोळं. तुम्ही शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र मागा. कारणाला जागा दोनच ओळींची ठेवा. लग्न, बाळंतपणं, वडिलांची गिरणी बंद पडणं, तेव्हापासून रोजच्या बिड्या, हे सगळं दोन ओळींत मावत नाही, म्हणून ती शेवटी 'वैयक्तिक कारण' असं लिहिते. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्याही बहुतेक वैयक्तिक कारणानंच.

तिच्या मागे उभा असलेला यंत्रमाग कामगार जास्त धोक्याचा. वीस वर्षं नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर काढलेला माणूस विचारू शकतो की माझ्या हातातल्या कामाचे काही गुण धरता का. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमा ठेवण्याची, एका वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत येण्याची सोय करून असल्या माणसांना उगाच आशा लावली आहे. धोरणाचा फ्लेक्स गेटवर जरूर लावा, सोलापुरात फ्लेक्सला कुठं तोटा आहे. पण क्रेडिट फक्त वर्गात बसून मिळतं, हे त्याला नीट समजावा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणून विणणाऱ्यालाही काही द्यायची घाई करायचं कारण नाही.

वेळापत्रकाला हातही लावू नका. सकाळी बिड्या मोजून द्यायच्या, दुसऱ्या दिवसासाठी पान-तंबाखू घ्यायची, त्यात चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी नेमकं त्या सकाळी आलेलं. ७५ टक्के हजेरीचा नियम अशाच बायांसाठी राखून ठेवा. लायब्ररी ती कामातून सुटण्याआधी बंद होईल, एवढं बघा. आणि नावातली चूक दुरुस्त करायची असेल तर विद्यापीठात पाठवा. ती राहते कुंभारीला, अक्कलकोट रस्त्यावर; विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर; मधे सगळं सोलापूर. कुरकुरली तर सांगा, २००४ च्या आधी आपलं विद्यापीठच कोल्हापूरला होतं, यासाठी तिकडं जावं लागायचं.

इतकं करूनही ती हटली नाही तर हुकमी वाक्य आहेच, "तुम्ही मुक्त विद्यापीठात जा की." नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं ते आपली ही अडचण दूर करायलाच, अशी आपली श्रद्धा असावी. एकच पथ्य पाळा. त्यांची अभ्यासकेंद्रं बहुतेक आपल्यासारख्या कॉलेजांतच असतात, वर्ग सुट्टीच्या दिवशी भरतात. म्हणजे रविवारी तीच बाई त्याच बाकावर बसते, तेच सर शिकवतात, कुणी पालकाची सही मागत नाही आणि छतही कोसळत नाही. रविवारी जमतं ते सोमवारी का जमत नाही, असं एखाद्या नव्या प्राध्यापकानं विचारलं तर त्याला ताबडतोब नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या कागदपत्रांच्या कामाला जुंपा.

क्वचित एखादी यातूनही पदवीपर्यंत पोचते. तेव्हा मात्र कद्रूपणा करू नका. आई आणि मुलगा एकाच वर्षी पास, अशी बातमी वर्तमानपत्रांना आवडते. फोटोत प्राचार्य मधोमध, संस्थाचालक उजवीकडे, ती जमली तर कडेला. भाषणात 'वय हा केवळ आकडा' हे वाक्य आलंच पाहिजे. कॉलेजनं खूप सहकार्य केलं, एवढं तिच्याकडून बोलून घ्या. सत्कार सकाळी अकराला ठेवा, म्हणजे त्या दिवसाचा तिचा रोज बुडेल. आणि शाल कशाला, चादरच द्या. मागे उभ्या असलेल्या त्या कामगारानं विणलेली मिळाली तर स्वस्तही पडेल.